शिकवायचं नाही, फक्त ऐकायचं

कोकण विभागीय शिक्षण मंडळाचं कार्यालय रत्नागिरीत आहे आणि दहावी-बारावीच्या निकालात रत्नागिरी-सिंधुदुर्गचं हे मंडळ वर्षानुवर्षं राज्यात अव्वल येतं. त्यामुळे परीक्षक, नियामक, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणि उशिरा हातात पडणारं मानधन यातलं काहीच इथल्या शिक्षकांना नवं नाही. इंग्रजीच्या शिक्षकाला तर तोंडी परीक्षेचाही सराव असतो. मग परदेशी जाणाऱ्यांचं इंग्रजी तपासणाऱ्या आयईएलटीएससारख्या परीक्षेचं परीक्षकपद म्हणजे त्याच कामाची परदेशी आवृत्ती, असं वाटणं साहजिक आहे.

तो समज अर्ज भरतानाच डळमळतो. पदवी हवी, इंग्रजी किंवा एकूणच अध्यापनाची मान्य अर्हता हवी, स्वतःची इंग्रजी पक्की हवी आणि किमान तीन वर्षांचा शिकवण्याचा अनुभव हवा. इथवर ठीक. पण हा अनुभव मुख्यतः सोळा वर्षांवरच्या विद्यार्थ्यांना शिकवण्याचा लागतो. म्हणजे आठवी ते दहावीला वीस वर्षं इंग्रजी शिकवलेले सर मागे राहू शकतात आणि कनिष्ठ महाविद्यालयात चार वर्षं काढलेली तरुण प्राध्यापिका पुढे जाऊ शकते. जन्माने इंग्रज असण्याची अट मात्र नाही.

आयईएलटीएस १९८९ साली सुरू झाली. ब्रिटिश कौन्सिल, आयडीपी आणि केंब्रिज हे तिचे तीन भागीदार. भारतात २०२१पासून ती आयडीपीच घेते. त्याआधी ब्रिटिश कौन्सिलही घेत असे. ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं अशा चार भागांपैकी ऐकण्या-वाचण्याची उत्तरं ठरलेली असतात, त्यामुळे तिथे मत बनवायला जागा नसते. माणसाची पारख लागते ती लेखनाला आणि संभाषणाला.

संभाषणाची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची. समोरासमोर, किंवा काही केंद्रांवर व्हिडिओ कॉलवर. सुरुवातीला घर, काम, आवडीनिवडी. मग उमेदवाराच्या हातात एक कार्ड येतं, विचार करायला एक मिनिट मिळतं आणि त्यावर त्याने एक ते दोन मिनिटं बोलायचं. शेवटी त्याच विषयावर जरा खोलात जाऊन चर्चा. सगळं ध्वनिमुद्रित होतं. पहिल्या भागात परीक्षकाने ठरलेल्या चौकटीतलेच प्रश्न विचारायचे, मनातला एखादा छान प्रश्न सुचला तरी तो मनातच ठेवायचा.

समजा, परिचारिका म्हणून इंग्लंडला जाऊ पाहणारी पावसची मुलगी समोर बसली आहे आणि ती म्हणते, ‘माय फादर इज हॅविंग टू मँगो गार्डन्स.’ शिक्षकाच्या जिभेवर ‘हॅविंग नाही गं, हॅज’ लगेच येतं. ते गिळायचं. ‘व्हेरी गुड’सुद्धा म्हणायचं नाही, कारण तिला त्यातून गुणांचा अंदाज येईल. डोळे घड्याळाकडे, कान तिच्याकडे आणि डोक्यात चार वेगळे हिशेब: ओघ व सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण, उच्चार. चारही निकषांना सारखंच वजन. तिची ती चूक व्याकरणाच्या खात्यात पडते, पण ती न अडखळता बोलत असेल तर ओघाचे गुण त्यापायी कापायचे नाहीत. बोलण्यात कोकणी हेल आहे म्हणूनही कापायचे नाहीत. ऐकणाऱ्याला सहज कळतं की नाही, एवढंच पाहायचं. घोकून आणलेलं उत्तर मात्र अनुभवी कानाला दुसऱ्या वाक्यातच ओळखू येतं.

बोर्डाच्या तोंडी परीक्षेत आपल्याच पोरांना गुण देताना हात जरा सैल सुटतो, हे शिक्षकच हसत कबूल करतात. इथे सैल हात चालत नाही आणि आखडताही चालत नाही. ब्रिटनच्या नर्सिंग परिषदेला आयईएलटीएसच्या ऐकणं, वाचणं आणि बोलण्यात ७, लेखनात ६.५ बँड (गुणांची पातळी) लागतो. परीक्षकाने अर्धा बँड इकडेतिकडे केला तर एका घराचं वर्षभराचं गणित बिघडतं. म्हणूनच प्रशिक्षणात आधीच गुण निश्चित केलेले नमुने तपासायला देतात आणि नवख्याचे गुण त्यांच्याशी जुळतात का, ते पाहतात. जुळले तरच प्रमाणपत्र, आणि तेही दर दोन वर्षांनी पुन्हा मिळवायचं. निकाल मान्य नसलेला उमेदवार फेरतपासणी मागू शकतो, तेव्हा वरिष्ठ परीक्षक ते ध्वनिमुद्रण ऐकतात. थोडक्यात, परीक्षकाचीही परीक्षा चालूच असते.

सगळ्याच परीक्षांची रीत अशी नाही. आरोग्य क्षेत्रासाठीच्या ओईटीत समोरचा माणूस रुग्ण किंवा नातेवाईक होऊन फक्त संवाद चालवतो. गुण देणारे दुसरेच, ध्वनिमुद्रण ऐकून. केंब्रिजच्या अनेक परीक्षांत उमेदवार जोडीने येतात आणि एक परीक्षक बोलतो, तर दुसरा मुकाट्याने टिपतो. पीटीई या आणखी एका इंग्रजी परीक्षेत गुणांकनाचा मुख्य भार संगणकावर आहे, त्यामुळे तिथे अर्धवेळ परीक्षकाला फारसा वाव नाही.

रत्नागिरीकराची खरी अडचण वेगळीच. हे काम पगारी नोकरी नव्हे. जेवढं काम तेवढं मानधन, आणि केंद्रांची गर्दी मोठ्या शहरांत. रात्री कोकणकन्येत बसलं की पहाटे मुंबई गाठता येते खरी, पण दोन दिवसांच्या कामासाठी दोन रात्री गाडीत घालवायच्या, तर प्रवास आणि मुक्काम वजा जाता हातात काय उरतं, हे आधी मांडून पाहायला हवं.

त्याहून अवघड प्रश्न शिकवणीचा. इंग्रजीच्या शिक्षकाची जोडकमाई बहुधा क्लासमधून येते, आणि परीक्षकाला गोपनीयतेचं व हितसंबंधांचं बंधन असतं. आपल्या विद्यार्थ्याची परीक्षा घ्यायची नाही, प्रश्न बाहेर सांगायचे नाहीत, आणि परीक्षकपदाचं भांडवल करून क्लास चालवायचा नाही. मारुती मंदिर परिसरात ‘आयईएलटीएस परीक्षकांकडून मार्गदर्शन’ अशी पाटी लावली तर गर्दी नक्की होईल. पण ज्याला खरोखर परीक्षक राहायचं आहे, त्याला नेमकी तीच पाटी लावता येत नाही.