जीव वाचला, पुढे काय?

शस्त्रक्रिया यशस्वी झाली, टाके निघाले, रुग्णास घरी जाण्याची परवानगी मिळाली, की उपचार संपले असे मानण्याची आपल्याकडे रीत आहे. नातेवाईक पेढे वाटतात आणि रुग्णालय कागद बंद करते. वास्तविक ज्याच्या मणक्याला इजा झाली, ज्याचे अर्धे अंग लुळे पडले किंवा ज्याचा पाय कापावा लागला, त्याच्या खऱ्या कसोटीचा आरंभ त्याच दिवशी होतो. पडून राहिलेल्या देहाचे स्नायू झडतात, सांधे आखडतात, पाठीला शय्याव्रण होतात. वैद्यकाने वाचविलेला जीव अशा वेळी खाटेवरच हरतो, आणि घरचे त्याला नशीब म्हणतात.

कार्ले-लोणावळ्याच्या पट्ट्यात ही विसंगती विशेष जाणवते. येथील हवा आरोग्यदायी, म्हणून शहरातील माणसे पिढ्यान्‌पिढ्या हवापालटासाठी येथे येत आली. लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली कैवल्यधाम स्थापन करून योगक्रिया प्रयोगशाळेच्या कसोटीवर तपासण्यास आरंभ केला. खुद्द कार्ल्यास बालाजी तांबे यांनी आयुर्वेदीय उपचारांचे केंद्र उभारले. ज्यांच्यापाशी सवड आणि पैसा आहे, त्यांना प्रकृती सुधारण्यासाठी या परिसरात जागा आहे. परंतु याच परिसरात झाडावरून पडलेल्या शेतकऱ्याने किंवा महामार्गावर वाहनाची धडक बसलेल्या मजुराने पुन्हा चालावयास कोठे शिकावे? पुण्याच्या रुग्णालयातून तो घरी परततो, तेव्हा त्याच्या हाती औषधांची चिठ्ठी असते आणि ‘व्यायाम करीत जा’ एवढा उपदेश. तो व्यायाम कोणता, किती, आणि तो करवून घेणार कोण, हे त्या चिठ्ठीवर नसते.

पुणे जिल्ह्याला ही विद्या अपरिचित आहे असे मात्र नव्हे. पहिल्या महायुद्धातील जायबंदी सैनिकांना हातचा व्यवसाय शिकविण्यासाठी 1917 साली मुंबईत निघालेली क्वीन मेरी संस्था पुढे खडकीस आली. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र 1944 सालचे. खडकीचे पक्षाघातग्रस्त सैनिकांचे पुनर्वसन केंद्र 1974 सालचे. या परंपरेचे मोल सांगलीकडील मुरलीकांत पेटकर या जवानाच्या आयुष्यात दिसते. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून ते कमरेखाली अधू झाले. उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले आणि 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर पोहण्याचे सुवर्णपदक जिंकून आले. अशा स्पर्धेत वैयक्तिक सुवर्ण मिळविणारे ते पहिले भारतीय होत.

या विचाराचे मूळ इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे सापडते. मज्जारज्जू दुखावलेला माणूस फार काळ जगणार नाही, असे धरून चालण्याच्या काळात, 1944 साली लुडविग गुटमन यांनी तेथे विभाग उघडला. त्यांचे उपाय विलक्षण साधे होते : दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलणे, मूत्रमार्गाची स्वच्छता राखणे, आणि त्याला काम व खेळ यांत गुंतविणे. अचाट यंत्रांनी नव्हे, अखंड निगराणीने ही माणसे जगली. म्हणजेच, आज खेड्यात जी उणीव आहे ती प्रामुख्याने शिकविणाऱ्या माणसाची आहे.

पुनर्वसन म्हणजे नुसता पाय बसविणे नव्हे. माणसाला त्याच्या जगण्यात परत बसविणे होय. भातखाचरात उभे राहणे, जमिनीवर मांडी घालून जेवणे, एकवीरेच्या पायऱ्या चढणे ही मावळातल्या माणसाची उद्दिष्टे आहेत. रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडविलेला जयपूर पाय लोकांनी आपला मानला तो याच कारणाने. तो घालून अनवाणी चालता येते, उकिडवे बसता येते आणि चिखलातही उतरता येते.

यावर नेहमीचा आक्षेप खर्चाचा. दर तालुक्याला सुसज्ज केंद्र परवडणार नाही, हे घटकाभर मान्य करू. पण ठरलेल्या वारी भौतिकोपचारतज्ज्ञ प्राथमिक आरोग्य केंद्रात बसावा, त्याने आशा सेविकांना आणि घरच्यांना कूस बदलणे, सांधे हलविणे, आधाराने उभे करणे शिकवावे, याला कितीसा पैसा लागणार? आज उपचारासाठी शहर गाठावे लागते. रुग्णाबरोबर कमावत्या माणसाचीही रोजी बुडते, आणि दोन-तीन खेपांनंतर उपचार सुटतो. अधू झालेला कर्ता आणि त्याच्यापायी शाळा सोडणारे मूल यांचा हिशेब मांडला, तर महाग काय ते निराळे सांगावयास नको.

कायदाही याच बाजूचा आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने पुनर्वसनाच्या सेवा उभारण्याचे दायित्व शासनावर टाकले आहे; आर्थिक क्षमतेची मर्यादा त्यात आहे, पण ती निष्क्रियतेची सनद नव्हे. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला काढून टाकता येत नाही की त्याचा दर्जा कमी करता येत नाही. जुने काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते. शिक्षक व कारकून वर्गातील किती जणांना हे ठाऊक आहे? शेतकऱ्याला आणि रोजंदारीवरील मजुराला तर एवढेही कवच नाही. म्हणून त्याच्यासाठी गावातील सोय अधिकच निकडीची ठरते.

कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर निरनिराळ्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. एकाने एक खांब दिला, दुसऱ्याने दुसरा, आणि त्यातून ते भव्य लेणे उभे राहिले. पडलेला माणूस उभा करण्याचे कामही असेच अनेकांच्या वाट्याचे आहे. रुग्णालयाने घरी सोडताना पुढील उपचारांची लेखी आखणी द्यावी, आरोग्य केंद्राने ती पाळून घ्यावी, ग्रामपंचायतीने कचेरीला उतार बांधावा, आणि शाळेने व कार्यालयाने परतलेल्या माणसाला दयेने नव्हे तर हक्काने जागा द्यावी. जीव वाचविणे हे वैद्यकाचे यश खरे. तो जीव कामाला लागला की नाही, ही मात्र समाजाची परीक्षा आहे.