मानसिक वय म्हणजे वय नव्हे

मंडळी, पत्रिकेवर विषय ‘बौद्धिक अक्षमता आणि आकलनाचा विकास’ असा भारदस्त छापलाय. आपण तो एका ओळीवरून उलगडू या. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत कपाटात जपून ठेवलेली एक फाईल असते. तिच्यातल्या अहवालात लिहिलेलं असतं: वय वीस, मानसिक वय सहा. आणि पालक विचारतात, ‘सर, म्हणजे आमचा मुलगा सहा वर्षांचाच राहिला का?’

हा प्रश्न मानसशास्त्राइतकाच तत्त्वज्ञानाचाही आहे, म्हणून आम्ही त्यात तोंड घालतो. वय म्हणजे जगलेली वर्षं. मानसिक वय म्हणजे एका चाचणीत मिळालेल्या गुणांना दिलेलं नाव. मुलाला जितके गुण मिळाले, तितके गुण सर्वसाधारणपणे सहा वर्षांची मुलं मिळवतात, एवढंच त्या वाक्यात आहे. त्यावरून ‘तो सहा वर्षांचा आहे’ म्हणणं म्हणजे एका कोटीतली गोष्ट उचलून दुसऱ्या कोटीत टाकणं. वीस वर्षांच्या त्या मुलाकडे सहा वर्षांच्या मुलापेक्षा चौदा वर्षांचा जास्तीचा अनुभव आहे. गल्ली, दुकानदार, लोकलची गर्दी, घरातली लग्नं आणि मृत्यू, शिवाय तरुण शरीर. चाचणीला यातलं फारसं काही दिसत नाही.

ही कल्पना आली कुठून? पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी 1905 साली पहिली चाचणी केली. शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना ओळखून त्यांना वेगळी मदत द्यावी, हा हेतू. 1908 च्या आवृत्तीत प्रश्न वयानुसार लावले गेले. बुद्धी हा जन्मभर न बदलणारा ठोकळा आहे, या मताचा बिने यांनी 1909 साली स्पष्ट निषेध केला होता. लक्ष, स्मरण आणि संयम यांच्या सरावासाठी त्यांनी व्यायामही सुचवले. 1911 साली ते गेले. मग 1912 मध्ये जर्मनीत विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला खऱ्या वयाने भागलं, आणि बुद्ध्यंकाचा जन्म झाला. पण माणसाचं वय वाढत जातं आणि चाचणीतले गुण तसे वाढत नाहीत. म्हणून अमेरिकेतल्या 1916 च्या स्टॅनफर्ड-बिने चाचणीत प्रौढांसाठी छेद 16 वर थांबवला. म्हणजे विसाव्या किंवा तिसाव्या वर्षी माणूस जे नवं शिकतो, त्यासाठी त्या गणितात जागाच नव्हती.

आपल्याकडे हे काम व्ही. व्ही. कामत यांनी केलं. 1930 च्या दशकात, धारवाड भागातल्या मुलांवर, मराठी आणि कन्नड भाषांतून. त्यांचं पुस्तक 1940 साली आलं, आणि बिने-कामत चाचणी आजही वापरात आहे. त्या काळात परकी चाचणी नुसती भाषांतरित न करता इथल्या मुलांवर बसवून पाहणं, याला फार मोठी चिकाटी लागते. पण आता उल्हासनगरचं घर डोळ्यांसमोर आणा. घरी आजीची सिंधी, शाळेत हिंदी, रस्त्यावर मराठी. या मुलीची चाचणी कोणत्या भाषेत घेतली, हे अहवालात लिहिलेलं नसेल तर तो आकडा नेमकं काय मोजतोय?

आता संशोधन काय म्हणतं ते पाहू. जिनिव्हात पियाजे यांच्या सहकारी बार्बेल इनहेल्डर यांनी 1943 साली बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या विचारप्रक्रियेवर प्रबंध लिहिला. त्यांचा प्रयोग मातीच्या गोळ्याचा होता, आपण कणकेचा घेऊ. गोळा लाटून पोळी केली, तर कणीक वाढली का? वजन वाढलं का? पाण्यात टाकली तर पाणी आधीइतकंच वर चढेल का? सर्वसाधारण मुलांना हे तीन प्रश्न याच क्रमाने उलगडत जातात, आधी द्रव्य, मग वजन, मग आकारमान. इनहेल्डर यांना या मुलांतही क्रम तोच दिसला, फक्त वेग मंद आणि पुढच्या पायऱ्या काहींना न गाठता येणाऱ्या. शिवाय एक मूल एकाच बैठकीत पुढच्या पायरीवरून मागच्या पायरीवर येत-जात होतं. कोणत्याही विशेष शिक्षिकेला विचारा, ‘काल आलं होतं, आज येत नाही’ हे ती रोज पाहते.

येलचे एडवर्ड झिगलर 1960 च्या दशकात आणखी पुढे गेले. ते म्हणाले, उत्तर चुकण्यामागे नुसती बुद्धी नसते. वर्षानुवर्षं अपयश पाहिलेलं मूल अपयशाचीच अपेक्षा ठेवतं. स्वतः विचार करण्याऐवजी ते समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहून उत्तर शोधतं. आम्हाला हे निरीक्षण या सगळ्या विषयात सर्वांत मोलाचं वाटतं, कारण यातला काही भाग आपल्या हातात आहे. ‘थांब, तुला नाही जमणार’ असं म्हणत आपण मुलाच्या हातातलं बटण स्वतः लावून टाकतो, तेव्हा आपणही त्याला काहीतरी शिकवत असतोच.

तिसरी गोष्ट, एकच आकडा बरंच झाकतो. डाऊन सिंड्रोममध्ये ऐकलेलं लक्षात ठेवणं आणि वाक्यरचना अवघड जाते, पण पाहिलेलं तुलनेने बरं लक्षात राहतं. समजणाऱ्या शब्दांचा साठा तर किशोरवयानंतरही वाढत राहतो. विल्यम्स सिंड्रोममध्ये चित्र जवळपास उलटं: बोलणं तुलनेने चांगलं, पण ठोकळ्यांची नक्षी जुळवणं कठीण. दोघांचा बुद्ध्यंक सारखा येऊ शकतो, शिकवायची पद्धत मात्र एक असू शकत नाही. डाऊनच्या मुलाला सूचना तोंडी देण्यापेक्षा चित्रांच्या पट्टीवर द्या, फरक दिसेल. आणि हो, ‘घरची भाषा सोडा, एकच भाषा बोला’ हा सल्ला इथे सर्रास दिला जातो. कॅनडात 2005 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डाऊन सिंड्रोम असलेली द्विभाषिक मुलं एकभाषिक मुलांपेक्षा मागे पडलेली आढळली नाहीत. तेव्हा आजीला सिंधीत बोलू द्या.

बुद्ध्यंकाशिवाय दुसरी एक मोजपट्टी असते, रोजच्या व्यवहाराची. स्वतः जेवणं, कपडे घालणं, निरोप पोचवणं, एकट्याने जवळपास जाऊन येणं. व्हाइनलँड ही त्यातली प्रसिद्ध चाचणी, आणि तिचं भारतीय रूप नागपुरात काम करणाऱ्या ए. जे. मालिन यांनी केलं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने बौद्धिक अक्षमता ठरवताना आकलन आणि व्यवहार, दोन्ही पाहायला सांगितलंय. हे व्यवहाराचं शिकणं प्रौढपणीही चालू राहतं. बदलापूरहून फार लांब नाही, डोंबिवलीजवळ खोणीला, अमेय पालक संघटनेचं ‘घरकुल’ आहे. पालकांनी उभं केलेलं, प्रौढ मुलांसाठी. ‘आमच्या मागे याचं कोण?’ या प्रश्नातून ते उभं राहिलं. तिथल्या माणसाला कोणी सहा वर्षांचा समजून वागवू लागलं, तर त्याला राग येण्याचा पूर्ण हक्क आहे.

फाईल मात्र टाकू नका. सवलतींसाठी 40 टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं आणि त्यासाठी आकडाही लागतो. पण पुढच्या वेळी अहवाल हातात आला की मानसिक वयावर बोट ठेवून थांबू नका. चाचणी कोणत्या भाषेत घेतली, कोणत्या भागात गुण जास्त पडले, मूल त्या दिवशी घाबरलं होतं का, हे तिथल्या तिथे विचारा आणि लिहून घ्या.

आता प्रश्न घेऊ. माईक मागच्या रांगेकडे द्या, त्या ताईंचा हात मघापासून वर आहे.