रहस्यकथाकार कोणाला बांधील असतो?

मंडळी, आजचा विषय ऐकून काहींनी विचारलं, तत्त्वज्ञानाच्या माणसाला खुनाच्या गोष्टींचं काय? अहो, अनुमान शिकवायला याहून चांगलं साधन नाही. डोंगरावर धूर दिसला की नैयायिक म्हणतो, तिथे अग्नी आहे. बुटाचा चिखल बघून होम्स सांगतो, माणूस कुठून आला. पण आज अनुमान बाजूला ठेवू. आमचा प्रश्न असा, की स्वतःच्या हिमतीवर रहस्यकथा लिहिणारा लेखक नेमका कोणाला बांधील असतो?

बाबूराव अर्नाळकर घ्या. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. गिरगावात चष्म्याचं दुकान होतं आणि १९९६ साली ते गेले तोवर हजारावर पुस्तकं नावावर जमली होती. झुंजार, काळा पहाड ही नावं आमच्या पिढीला शेजाऱ्यांच्या नावांइतकी ओळखीची. समीक्षकांनी त्यांची फारशी दखल घेतली नाही. त्यात कोडं कमी आणि धावपळ जास्त, हा आक्षेप आम्हालाही मान्य आहे. पण मराठी माणसाला वाचायची चटक लावली ती या पुस्तकांनी, हेही तितकंच खरं.

आता त्यामागचा हिशेब बघा. ही पुस्तकं विकत घेऊन वाचणारे थोडे, वाचनालयातून नेणारे फार. आपल्या करवीर नगर वाचन मंदिरासारख्या १८५० पासूनच्या संस्था आहेतच, पण गल्लीतली भाड्याने पुस्तकं देणारी छोटी दुकानं निराळी. एक प्रत विकली जायची आणि पान सुटेपर्यंत पन्नास जण वाचायचे. लेखकाच्या पदरात पडायचं ते त्या एका प्रतीपुरतं. मग पोट भरायचं तर उपाय एकच, पुढचं पुस्तक. हजार पुस्तकांमागे प्रतिभा होती तसा हा हिशेबही होता. गिऱ्हाइकाला एका बैठकीत संपणारं पुस्तक हवं, म्हणून लांबीही तेवढीच. लेखक स्वतंत्र खरा, पण दोरी वाचनालयाच्या हातात.

आज ती दोरी सुटली असं वाटतं. प्रतिलिपीवर कुणीही रहस्यकथा भागाभागाने टाकू शकतो, प्रकाशकाच्या पायऱ्या झिजवायला नकोत. किंडल अनलिमिटेडसारख्या योजनेत तर वाचलेल्या पानांवर पैसे. म्हणजे अर्नाळकरांना जे मिळालं नाही, दर वाचनामागे काहीतरी, ते आता मिळतं. मात्र पानावर पैसे म्हटलं की पानं वाढवायचा मोह आला.

त्याहून मोठी अडचण भागाभागाची आहे. पाचवा भाग टाकला आणि रात्रीत दहा वाचकांनी कळवलं, खून दिवाणजीनं केलाय. बरोबर ओळखलं! लेखक गडबडतो आणि सहाव्या भागात खुनी बदलून टाकतो. आमच्या मते ही शुद्ध लबाडी आहे. प्रेमकथेत नायिकेचं मन मध्येच फिरलं तर चालतं, कारण मनं फिरतात. रहस्यकथेत गुन्हा पहिल्या पानाआधीच घडलेला असतो. जे घडून गेलं ते वाचकाच्या अंदाजानं कसं बदलेल? रोनाल्ड नॉक्स नावाच्या पाद्र्याने १९२९ मध्ये या खेळाचे दहा नियम सांगितले. गुन्हेगार सुरुवातीलाच कथेत दिसला पाहिजे आणि सापडलेला धागा वाचकापासून लपवता कामा नये, हे त्यातले दोन. मध्येच खुनी बदलला की आधीचे सगळे धागे खोटे ठरतात.

वाचकाच्या दबावाने काय बदलावं? कॉनन डॉयलनी १८९३ मध्ये होम्सला मारलं आणि १९०३ मध्ये परत आणलं. पण परत आणताना तो कसा वाचला, याचा आधीच्या कथेशी जुळणारा खुलासा द्यावा लागला. तेवढी सूट आम्ही देऊ. म्हणून नव्या लेखकांना आमचं सांगणं, शेवटचं प्रकरण आधी लिहा, बाजूला ठेवा आणि मगच पहिला भाग लोकांपुढे टाका. दहा जणांनी खुनी ओळखला तर ओळखू दे. धागे नीट मांडले होते, इतकंच त्याने सिद्ध होतं.