पितळेचे विमान आणि कल्हईवाल्याचा हात

बिरसीच्या धावपट्टीवरून विमान उडाले की आपली गोंदियाची मुले माना वर करतात. तेच विमान ७२ पट लहान केले, तर सहा फुटांचा माणूस एक इंचाचा होतो आणि विमान टेबलावर मावते.

अशा प्रतिकृतीत पंखांचे टेकू, चाकांचे पाय पितळेच्या तारेचे करून डाग देऊन जोडतात. ६३ भाग कथील व ३७ भाग शिसे यांचा डाग १८३ अंश सेल्सिअसला वितळतो; पितळेला ९०० अंशांच्या आसपास जावे लागते. म्हणून जोड बसतो, तार शाबूत राहते. मात्र तापवायचे ते पितळ. त्याच्या उष्णतेने डाग आपोआप सांध्यात शिरतो. नुसता वरून थापलेला डाग धक्क्याने निखळतो. शेजारचा सांधा सुटू नये म्हणून त्यावर ओले फडके ठेवावे.

ही विद्या नवी नाही. कल्हईवालाही आधी भांडे तापवी, नवसागर फिरवी, मगच कथील लावी. त्याला आपण मजूर म्हटले, छंदवाल्याला कलावंत म्हणतो.

राळेचा धूर छातीला बाधतो, हाताला लागलेले शिसे पोटात जाते. घरी आपण खिडकी उघडतो, हात धुतो. कारखान्यात डाग देणाऱ्यालाही तीच खिडकी हवी, एवढेच आमचे मागणे.