भाड्याचे घर आणि ओट्याखालचे कासव

पंचवटीत पावसाळ्याच्या तोंडावर जुन्या, धोकादायक वाड्यांना दरवर्षी महापालिकेच्या नोटिसा लागतात. अशाच एका वाड्यात चाळीस वर्षे राहिलेल्या माझ्या एका रुग्ण काकू मागच्या वर्षी जूनमध्ये मुलाबरोबर हिरावाडीच्या बाजूला दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहायला गेल्या. वय चौऱ्याहत्तर, जुना मधुमेह आणि वर्षानुवर्षे रोज सकाळी पित्ताची गोळी. ऑगस्टमध्ये त्यांना ताप आणि जुलाब झाले. पावसाळी पाणी बाधले असावे, असे समजून मी औषध दिले. सप्टेंबरमध्ये पुन्हा तेच झाले. ऑक्टोबरात मात्र ताप उतरेना. काकूंना रुग्णालयात हलवावे लागले आणि रक्ताच्या तपासणीत साल्मोनेला हा जंतू सापडला.

त्या घरी परतल्यावर मी त्यांना पाहायला गेलो. चहा होईपर्यंत स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. ओट्याखाली जुन्या चादरीने झाकलेले काही तरी दिसले. मी विचारले तशी काकूंची सून गप्प झाली. काकूच म्हणाल्या, "अहो डॉक्टर, नातीचं कासव आहे ते. ती पुण्याला शिकायला गेली आणि हे माझ्याकडे राहिलं. घरमालकांना सांगू नका हं."

वाड्यात असताना कासवाची टाकी चौकात असे आणि तिचे पाणी झाडांना जाई. नवे घर शोधताना तीन घरमालकांनी कासवाचे नाव काढताच नकार दिला. एकाला वासाची धास्ती, दुसऱ्याला सरपटणारे काहीच नको, तिसऱ्याला वनखात्याची भीती. चौथ्या घरी मुलाने विषयच काढला नाही. मालक खालच्याच मजल्यावर राहतात आणि गॅलरी त्यांच्या अंगणातून दिसते. म्हणून टाकी ओट्याखाली गेली आणि तिचे पाणी भांडी घासण्याच्या सिंकमध्ये ओतले जाऊ लागले.

काकूंचे आजारपण त्या टाकीतूनच आले, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, कारण टाकीतले पाणी आम्ही तपासले नाही. पण दोन वेळा औषध देताना "घरात एखादा प्राणी आहे का?" हा साधा प्रश्न मी विचारला नव्हता, ही चूक माझी. घरमालकापासून लपवलेला प्राणी डॉक्टरपासूनही लपलेला राहतो, हे मला तेव्हा उमगले.

कासव निरोगी, माणूस आजारी

कासव, सरडा, साप या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात साल्मोनेला जंतू सहज वास्तव्य करतात. विषमज्वराचा जंतूही याच कुळातला, पण हे त्याचे भाऊबंद वेगळे. प्राण्याला त्यांचा काहीच त्रास होत नाही. तो खातो, पोहतो, टवटवीत दिसतो. विष्ठेवाटे जंतू पाण्यात, कवचावर आणि टाकीच्या काचेवर पसरतात. तेथून हात, हातातून घास, असा त्यांचा प्रवास होतो. प्राण्याला हात न लावताही टाकीचे पाणी ओट्यावर उडाले, तरी पुरते.

धडधाकट माणसाला बहुधा चार ते सात दिवस जुलाब, पोटात कळा आणि ताप येतो व तो बरा होतो. पासष्टीपुढील व्यक्ती, पाच वर्षांखालील मुले, गर्भवती आणि प्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण यांच्यात मात्र जंतू आतड्यातून रक्तात शिरू शकतात. पोटातील आम्ल हा या जंतूंना रोखणारा पहिला पहारेकरी. रोजच्या पित्ताच्या गोळीने तो पहारा सैल होतो. म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नये. पण ती चालू असल्याचे आणि घरात असा प्राणी असल्याचे, दोन्ही डॉक्टरांना सांगावे.

अमेरिकेत लहान मुलांना कासवांमुळे होणारा हा आजार इतका वाढला होता की, १९७५ साली चार इंचांपेक्षा लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर तेथे बंदी घालण्यात आली. लहान कासव मुले हातात घेतात, प्रसंगी तोंडातही घालतात, हे त्यामागचे कारण. आपल्याकडे दुकानातून नातवंडांसाठी आणली जाणारी कासवे नेमकी याच आकाराची असतात.

वृद्धांच्या बाबतीत आणखी एक धोका मला जंतूंइतकाच मोठा वाटतो, तो पडण्याचा. साठ सेंटिमीटर लांब, तीस रुंद आणि तीस उंच अशा बेताच्या टाकीतही काठोकाठ चोपन्न लिटर पाणी मावते. म्हणजे तीन-चार बादल्या. त्या वाहून नेताना फरशी ओली होते, आणि सत्तरीनंतर ओल्या फरशीवर मोडलेले खुब्याचे हाड माणसाला कायमचे अंथरुणाला खिळवू शकते.

आधी प्राणी ओळखा

घरमालकाशी बोलण्यापूर्वी आपल्या घरातला प्राणी कोणता, हे पक्के करावे. काळपट कवचावर पिवळ्या चांदण्या दिसत असतील, तर ते तारांकित कासव. हे कासव, पाण्यातील आपली देशी कासवे, घोरपड आणि देशी साप यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. ते घरी पाळणे हा गुन्हा आहे, मग ते शुभ म्हणून आणलेले असो की कोणी भेट दिलेले. तारांकित कासवाची चोरटी निर्यात इतकी होते की, २०१९ साली त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील निर्बंध आणखी कडक करून ते सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत घातले गेले. असा प्राणी घरात असेल, तर भाडेकराराचा प्रश्नच उरत नाही. वनविभागाच्या १९२६ या 'हॅलो फॉरेस्ट' मदत क्रमांकावर कळवून त्यांचा सल्ला घ्यावा.

हिरवट कवच आणि डोळ्यामागे लाल पट्टा असलेले कासव म्हणजे उत्तर अमेरिकेतील रेड-इअर्ड स्लायडर. काकूंचे कासव हेच होते. इग्वाना, बॉल पायथन अशा काही परदेशी प्राण्यांसाठी मात्र वेगळा नियम आहे. अधिनियमात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर आणि २८ फेब्रुवारी २०२४ रोजी अधिसूचित झालेल्या नियमांनुसार, अनुसूचीत नमूद केलेल्या परदेशी प्राण्यांची नोंद केंद्र सरकारच्या 'परिवेश' संकेतस्थळावर करावी लागते. ती नोंद नसेल तर घरमालकाची भीती अनाठायी म्हणता येत नाही.

करारात लिहा, लपवू नका

आपल्याकडे बहुतेक घरे अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स कराराने दिली जातात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार हा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे आवश्यक आहे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. पाळीव प्राण्याबद्दलचे कलम या करारातच घालून घ्यावे. सोसायट्यांमधील वादात ज्यांचा दाखला दिला जातो, त्या भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना कुत्र्यांविषयी आहेत. कासवाच्या बाबतीत त्यांच्यावर विसंबून राहू नये. येथे संवाद आणि करार हाच खरा आधार.

घरमालकाला पुढील गोष्टी आपणहून सांगाव्यात. प्राणी कोणता आणि तो पाळणे कायदेशीर कसे. टाकी किती मोठी, कुठे ठेवणार आणि पाणी कुठे सोडणार. दिव्याची वीज किती, कारण स्लायडरला ऊब व अतिनील किरण देणारा दिवा लागतो, आणि नाशिकच्या थंडीत पारा दहा अंशांखाली उतरतो तेव्हा तो बराच वेळ चालू ठेवावा लागतो. पाण्याशेजारच्या दिव्याची जोडणी जाणकार वायरमनकडून करून घ्यावी. आपण गावी गेलो तर देखभाल कोण करणार, हेही सांगावे. गळतीने फरशी किंवा भिंत खराब झाल्यास खर्च आपला, असे लेखी दिले की निम्मी शंका मिटते.

घरमालकांनाही एक विनंती आहे. "प्राणी चालणार नाही" असे म्हणून दार लावण्याआधी दोन प्रश्न विचारावेत. सरसकट नकाराने प्राणी घरात यायचा थांबत नाही. तो ओट्याखाली जातो.

घरात वृद्ध असतील तर

पासष्टीपुढील किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेली व्यक्ती घरात असेल, तर सरपटणारा प्राणी नव्याने आणू नये, हा माझा स्पष्ट सल्ला आहे. आधीपासून असेल आणि त्याची दुसरी सोय होईपर्यंत ठेवावाच लागला, तर काळजीवाहकांनी एवढे पाळावे.

टाकी स्वयंपाकघरात आणि वृद्धांच्या झोपण्याच्या खोलीत ठेवू नये. तिचे पाणी संडासात सोडावे. सिंकमध्ये किंवा आंघोळीच्या जागी नव्हे. टाकी धुण्याची बादली, मग आणि ब्रश वेगळे ठेवावेत. हे काम घरातील धडधाकट व्यक्तीने करावे, वृद्धांनी किंवा मुलांनी नाही. प्राण्याला किंवा टाकीला हात लागल्यावर साबणाने किमान वीस सेकंद हात धुवावेत. प्राण्याला घरभर मोकळे फिरू देऊ नये आणि त्याची पापी घेऊ नये. जंतू मारण्यासाठी कासवाला प्रतिजैविके देण्याच्या फंदात पडू नये. त्याने जंतू हटत नाहीत. आणि ताप-जुलाब झाल्यास डॉक्टरांना सर्वप्रथम प्राण्याविषयी सांगावे.

गोदावरीत सोडू नका

काकूंच्या मुलाने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "मग संध्याकाळी रामकुंडावर नेऊन सोडतो. पुण्यच लागेल." पंचवटीत हा विचार मनात येणे स्वाभाविक आहे, पण त्यात पुण्य नाही. स्लायडर हा जगातील सर्वाधिक उपद्रवी शंभर परकीय जातींच्या यादीतला प्राणी आहे. नदीत तो देशी कासवांचे अन्न आणि उन्हात बसण्याच्या जागा बळकावतो, त्यांना रोगही देऊ शकतो. लीथचे मृदुकवची कासव ही दक्षिण भारतातील नद्यांमध्ये, गोदावरीतही, आढळणारी जात आधीच नष्ट होण्याच्या उंबरठ्यावर आहे. तिच्या घरात हा पाहुणा नको.

शिवाय हे कासव वीस-तीस वर्षे जगते आणि मादी फूटभराच्या जवळपास वाढू शकते. रुपयाच्या नाण्याएवढे कासव घेताना हे बहुधा कोणी सांगत नाही. चौऱ्याहत्तर वर्षांच्या काकूंच्या पश्चात त्याचे काय, हा प्रश्न कोणी तरी विचारायलाच हवा होता.

शेवटी काकूंच्या भावाने निफाडजवळच्या आपल्या घरी ते नेले. तेथे लहान मुले नाहीत, अंगणात सिमेंटचा हौद आहे आणि त्याला बाहेर पडता येऊ नये म्हणून वर जाळी बसवली आहे. मुलाने घरमालकांना खाली जाऊन सारे सांगितले. ते रागावले, पण घर सोडा म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी काकूंच्या प्रकृतीची चौकशी करायला वर आले. जाताना एवढेच बोलले, "आधी सांगितलं असतंत, तर गॅलरीत नसतं का ठेवू दिलं?"

काकूंसाठी मात्र हा निर्णय सोपा नव्हता, हे मला नोंदवले पाहिजे. दुपारच्या शांततेत त्या त्या कासवाशी बोलत असत. रात्री नातीचा फोन आला की, त्याने दिवसभरात काय केले हाच दोघींचा विषय असे. वृद्धांच्या घरातून प्राणी हलवताना त्यांच्या दिवसातला एक तास रिकामा होतो. तो कशाने भरायचा, याचाही विचार कुटुंबाने करायला हवा. आता सून दुपारी निफाडला व्हिडिओ कॉल लावून देते. महिन्यातून एकदा काकू तिकडे जातात आणि हौदाजवळ खुर्ची टाकून बसतात. हात लावत नाहीत.

मागच्या भेटीत मी सहज सुचवले, काचेच्या पात्रात ठेवतात तसे एखादे पितळी कासव घरात ठेवावे. काकू हसल्या. "नको हो डॉक्टर. ते हाक मारली की मान वर नाही करत."

माझ्या दवाखान्यातील केसपेपरवर आता वय, वजन आणि चालू औषधे यांच्याखाली एक नवी ओळ आहे : घरात कोणता प्राणी आहे?