विळ्यानें तुटलेली कंडरा

बपेऱ्याच्या धानपट्टींत कापणीच्या दिवसांत विळ्यानें बोट कापणें नवलाचें नाहीं. आपण हळद दाबून मोकळे होतों. परंतु बोट स्वतः होऊन मिटेनासें झालें, तर आंतील कंडरा तुटली असें समजावें. तुटलेलें टोंक तळहाताकडे ओढलें जातें. म्हणून थोड्याच दिवसांत शस्त्रक्रियेनें तें शिवून घ्यावें. बोटांतील कंडरा तत्काळ शिवूं नये, हा जुना दंडक १९६७ सालीं अमेरिकेंतील डॉ. क्लाइनर्ट यांनीं प्रसिद्ध केलेल्या अनुभवानें मागें पडला. पुढें सुमारें ६ आठवडे आधारपट्टी बांधावी व डॉक्टर सांगतील तितकीच हालचाल करावी. बोट अगदीं निश्चल राहिल्यास कंडरा चिकटते. घाई केल्यास टांका तुटतो. जड काम १२ आठवड्यांनंतरच. शेतकरी बंधूंनो, कापणी शेजारी उरकून देईल. बोट मात्र उसनें मिळत नाहीं.