उंची कापायची की राखायची?

घराला खोल्या लागतात आणि चर्चमध्ये त्या नसतात. असतं ते एकच सलग, उंच दालन. चर्चचं घर करायला निघालेल्या प्रत्येकाला हा पेच आधी सोडवावा लागतो.

इंग्लंडमध्ये हा पेच जवळजवळ पाचशे वर्षं जुना आहे. आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० या काळात सुमारे आठशे मठ बंद केले आणि त्यांच्या जमिनी-इमारती दरबारातल्या व पैसेवाल्या मंडळींच्या हाती गेल्या. विल्यम शॅरिंग्टनने १५४० मध्ये विल्टशरमधला लेकॉकचा मठ ७८३ पौंडांना घेतला. त्याने चर्च सरळ पाडलं. जोगिणींच्या ओवऱ्या आणि त्यांभोवतीच्या खोल्या मात्र राखल्या. मुळात राहण्यासाठीच बांधलेल्या भागाचं घर करणं सोपं होतं. याच घरातल्या एका खिडकीचं छायाचित्र १८३५ मध्ये फॉक्स टॅलबटने घेतलं. आज उपलब्ध असलेली ती सर्वांत जुनी निगेटिव्ह मानली जाते.

डेव्हनमधल्या बकलंडच्या मठात उलट घडलं. तिथे रिचर्ड ग्रेनव्हिलने चर्चच्याच पोटात तीन मजले घातले आणि १५७६ च्या सुमारास काम पुरं केलं. मनोऱ्याखालच्या जागेत मोठा दिवाणखाना आला. पुढे फ्रान्सिस ड्रेकने ही वास्तू विकत घेतली. बाहेरच्या भिंतीवर पाडलेल्या छपराची रेघ आणि बुजवलेल्या कमानी अजून दिसतात. राहायची सोय झाली, पण आत उभं राहून चर्चची मूळ उंची डोळ्यांत मावेल अशी जागा उरली नाही.

आजच्या मालकाला एवढी मोकळीक नाही. चर्चमध्ये उपासना चालू असते तोवर वारसा इमारतीच्या सरकारी परवानगीतून इंग्लंडमधल्या प्रमुख ख्रिस्ती पंथांना सूट असते. त्यांची स्वतःची परवाना-व्यवस्था असते. उपासना थांबली की ती सूटही संपते. मग खिडकीची चौकट बदलायची तरी स्थानिक नियोजन खात्याकडे जावं लागतं. छपरात वटवाघळं असतील तर त्यांनाही कायद्याचं संरक्षण. आवारात थडगी असतील तर नातेवाइकांच्या येण्याजाण्याचा हक्क बहुधा खरेदीखतातच लिहिलेला असतो. शिवाय खर्च: उबदार हवा वर चढते, त्यामुळे माणसं जमिनीवर कुडकुडत असताना पैसा छताला ऊब देत राहतो.

म्हणूनच नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट शहरातलं १८७० चं सेंट याकोबुस चर्च पाहण्यासारखं आहे. झेक या वास्तुरचनाकारांनी २००९ मध्ये त्याचं घर केलं. आधीच्या वापरासाठी आत एक पोटमाळा घातलेला होता. त्याचा काही भाग त्यांनी काढला आणि वरचा उजेड तळापर्यंत आणला. झोपायच्या खोल्या आणि न्हाणीघर एका पांढऱ्या, स्वतंत्र रचनेत बसवलं. जुन्या कमानी आणि खांब तिच्याभोवती मोकळे राहिले.

बकलंड आणि उट्रेख्ट यांच्यातला फरक पैशाचा किंवा अभिरुचीचा एवढाच नाही. ग्रेनव्हिलने चर्च कायमचं चिरलं. उट्रेख्टच्या रचनाकारांनी आत एक वस्तू ठेवली. पुढच्या मालकाला तिथे घराऐवजी वाचनालय हवं झालं, तर कमानी शाबूत असतील. संगमरवरी ओटा आणि महागडी झुंबरं कोणत्याही घरात येतात. चर्चच्या घराची खरी श्रीमंती न वापरलेल्या उंचीत असते, आणि ती राखायची तर दोन-तीन खोल्यांचा मोह सोडावा लागतो.